छावणी : आज्ञापत्रातील आरमार-प्रकरणाचे एक वाचन

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपल्याकडे साधारणपणे तीन अंगांनी वाचले जाते. राज्यशास्त्राचे अभ्यासक ते राजनीतीवरचा मराठीतला स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचतात. भाषेचे अभ्यासक फारसीमिश्रित राजव्यवहाराच्या गद्याचा प्रौढ नमुना म्हणून त्याकडे पाहतात. या दोहोंहून कितीतरी मोठा असा तिसरा वाचकवर्ग त्यातील एखाददुसरा उतारा सुभाषितासारखा वेगळा काढून घेतो आणि बाकीचा ग्रंथ मिटून ठेवतो. आम्ही सोलापुरात गेली अनेक वर्षे हा ग्रंथ एम. ए. च्या वर्गात शिकवीत आलो आहोत, आणि या तिन्ही वाचनांतून एक गोष्ट निसटते असे आम्हांला वाटत आले आहे. आज्ञापत्र हा राज्य मिळविण्याविषयीचा ग्रंथ जितका आहे, त्याहून अधिक तो असलेली वस्तू राखण्याविषयीचा ग्रंथ आहे. दुर्गप्रकरणात पावसाळ्याआधी तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण देण्याची आणि तटावर उगवणारी झाडे वेळच्या वेळी काढून टाकण्याची जी बारीक काळजी दिसते, तीच आरमाराच्या प्रकरणात लाकडी नौकांविषयी दिसते. प्रस्तुत लेखात या शेवटच्या प्रकरणाचा आणि त्यातही ‘छावणी’ या एका शब्दाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाची ओळख थोडक्यात. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने १७१५ च्या सुमारास हे आज्ञापत्र सिद्ध झाले. लिहिणारे रामचंद्र नीळकंठ बावडेकर हे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत ऐन तारुण्यात कारभारात आलेले, राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्रातील राज्याचा भार वाहिलेले आणि ताराबाईंच्या पडत्या-चढत्या काळाचे साक्षी असलेले गृहस्थ होते. म्हणजे ग्रंथ लिहिते वेळी त्यांच्या पाठीशी जवळजवळ अर्ध्या शतकाचा कारभाराचा अनुभव होता. त्यांनी राज्य उभे राहताना पाहिले होते, मोडताना पाहिले होते आणि मोडलेले सावरतानाही पाहिले होते. अशा माणसाच्या लेखणीला डागडुजीचे महत्त्व ठाऊक असावे यात नवल नाही.

आरमार-प्रकरणाचा आरंभ भव्य आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग आहे आणि समुद्रावरची सत्ता त्यावाचून मिळत नाही, हा सिद्धान्त तेथे मांडलेला आहे. बहुतेक उद्धरणे येथेच थांबतात. पुढे मात्र अमात्य एकदम सुताराच्या पातळीवर उतरतात. गुराबा फार थोर नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. गलबतेही त्याच बेताने बांधावीत. वाऱ्यावाचून जी जागची हलत नाहीत अशी प्रचंड जहाजे बांधण्याचे कारण नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. एका सुभ्याकडे पाच गुराबा आणि पंधरा गलबते अशी वाटणी ते सांगतात. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण तसे केल्यास व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन बंदरेच ओस पडतील, असा इशारा देतात. आणि मग छावणीचा विषय येतो. समुद्र खवळण्यापूर्वी आरमार छावणीस न्यावे, ते किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरी न्यावे आणि दर वर्षी बंदर बदलावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. एकाच मुलखावर शेकडो खलाशांच्या मुक्कामाचा भार वर्षानुवर्षे पडू नये, हा विचार त्यामागे आहे.

‘छावणी’ म्हटल्यावर आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर लष्कर उभे राहते. आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरेच चित्र उभे राहते. सांगोला, मंगळवेढा, माढा, करमाळा या तालुक्यांतून येणाऱ्या मुलामुलींना छावणी म्हणजे चारा-छावणी. २०१२-१३ चा दुष्काळ आणि त्यानंतर २०१८-१९ चा दुष्काळ यांत जिल्ह्यातील हजारो जनावरे अशा छावण्यांत बांधलेली होती, आणि आज वर्गात बसणाऱ्यांपैकी काहींच्या घरचे कोणी ना कोणी त्या जनावरांपाशी रात्री राहिलेले असते. शब्दाचा हा अर्थ कोशात सापडणार नाही. पण आरमाराच्या छावणीचा अर्थ कळण्यास तो लष्करी अर्थापेक्षा अधिक उपयोगी पडतो असा आमचा अनुभव आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो. प्रतिकूल महिने काढून, ज्यावर पुढचे सारे चालायचे आहे ते जितराब वा ती नौका पुढच्या हंगामाला कामाची राहिली पाहिजे.

शब्दाच्या मुळाकडे गेल्यास हा अर्थ अधिक स्पष्ट होतो. छावणीच्या मुळाशी छावणे, म्हणजे आच्छादणे, ही क्रिया आहे. पावसाळ्यात फौजेला हालचाल करता येत नसे. तेव्हा गवताने, पानांनी शाकारलेल्या झोपड्या उभारून चार महिने एका जागी काढावयाचे, ती छावणी. म्हणजे शब्दात मूळचा पाऊस आहे आणि छप्पर आहे, युद्ध नाही. कोकणात आजही मासेमारीचा हंगाम संपला की नौका ‘शाकारून’ ठेवल्या असे म्हणतात. घर शाकारावे तशी नौका झावळ्यांनी, अलीकडे प्लास्टिकच्या कापडाने, शाकारली जाते. अमात्यांच्या ‘छावणी’त आणि कोळ्यांच्या ‘शाकारण्या’त एकच कृती आहे, एक शब्द दरबारी कागदात गेला, दुसरा किनाऱ्यावर राहिला, एवढाच फरक.

या शब्दाच्या इतिहासाशी आमच्या जिल्ह्याचाही एक संबंध आहे. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूर-ब्रह्मपुरी येथे १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाचा तळ होता. दक्षिण जिंकण्यास निघालेला बादशहा आमच्या या नदीकाठी छावणी करून बसला होता, त्याच वर्षांत रामचंद्रपंत सह्याद्रीच्या किल्ल्यांवरून मराठी राज्याचा गाडा हाकीत होते. बादशहाच्या त्या छावणीचे वर्णन करताना इतिहासकार तिला चालते-फिरते शहर म्हणतात. एवढ्या प्रचंड मुक्कामाने आसपासच्या मुलखाचे काय होते, हे अमात्यांच्या पिढीने पाहिलेले होते. आरमाराची छावणी दर वर्षी निराळ्या बंदरी करावी, या आज्ञेमागे हा अनुभव उभा असावा असे अनुमान आम्ही करतो. ग्रंथात तसे म्हटलेले नाही. परंतु मुक्कामाच्या भाराची इतकी नेमकी जाणीव पुस्तकी असेल, हे संभवत नाही.

आता छावणीत प्रत्यक्ष काय होत असे ते पाहू. आज्ञापत्र कारागिरीचे तपशील देत नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर शिडाची लाकडी गलबते चालत असेपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकापर्यंत, हे काम ज्या क्रमाने होत आले तो क्रम माहीत आहे, आणि लाकूड, पाणी व कीड यांचे स्वभाव बदललेले नसल्यामुळे तो फारसा वेगळा असण्याचे कारण नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते. ते साधून नौका खाडीत जितकी आत आणि जितकी वर नेता येईल तितकी न्यावयाची. ओहोटी लागली की ती चिखलावर बसते. मग दोन्ही अंगांना टेकू देऊन उभी करावयाची. तळात समतोलासाठी भरलेले दगड, ज्याला नीरम म्हणतात, ते उतरवावयाचे. शीड, परबाण, दोरखंड, शक्य तर डोलकाठीही उतरवून कोरड्या जागी ठेवावयाची. मग वर आच्छादन. पण हे आच्छादन हवा कोंडेल असे नसावे लागते, कारण लाकडाला पावसाच्या पाण्याइतकीच कोंडलेली दमट हवा घातक असते. खारे पाणी लाकूड टिकविते आणि गोडे पाणी ते कुजविते. म्हणून डेकवर साचणारे पावसाचे पाणी हे समुद्राच्या लाटेपेक्षाही वाईट, ही गोष्ट किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आश्चर्याची वाटते.

दुसरा शत्रू खाऱ्या पाण्यातलाच आहे. समुद्रात राहणारा एक मऊ, लांबट, किड्यासारखा दिसणारा पण शिंपल्यांच्या कुळातला जीव लाकडात शिरतो आणि आतून बोगदे करीत जातो. वरून फळी सुबक दिसते आणि आत तिची चाळण झालेली असते. पाण्याबाहेर काढून वाळविणे आणि तळाला धग देणे हे त्यावरचे जुने उपाय. म्हणून छावणी म्हणजे केवळ विश्रांती नव्हे. पाण्याबाहेरचे ते चार महिने नौकेच्या आयुष्यात भर घालणारे असतात. पाऊस ओसरू लागला की आच्छादन निघते, तळाला चिकटलेली शिंपल्यांची पुटे खरवडली जातात, वाळलेल्या गवताचा वा झावळ्यांचा जाळ तळाखालून फिरवितात. मग एकेका फळीवर हातोडीने ठोकून आवाज ऐकावयाचा. भरीव आवाज आला तर फळी राहते. पोकळ आला तर निघते. फळ्यांच्या सांध्यांतून जुना कापूस उकरून काढून तेलात भिजविलेला नवा कापूस ठोसून भरतात, त्यावर राळ आणि तेल यांचे कढत मिश्रण ओततात. वरच्या अंगाला मुशीच्या यकृताचे तेल, तळाला चुना आणि तेल यांचा लेप. नारळी पौर्णिमेच्या आसपास दर्या उघडला की पुन्हा उधाण पाहून नौका पाण्यात लोटतात. आणि तरीही ती पहिले काही दिवस गळते. वाळलेले लाकूड पाणी पिऊन फुगते, फळ्या एकमेकींस दाबून बसतात, तेव्हा सांधे बंद होतात. तोवर आतले पाणी उपसत राहणे एवढेच हातात असते.

या क्रमावरून आज्ञापत्रातील एक गोष्ट नव्याने कळते. मध्यम आकाराच्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या गुराबांचा आग्रह हा केवळ युद्धनीतीचा प्रश्न नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासाच्या पहिल्या भागात आंग्र्यांच्या नौकांचे वर्णन केले आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली, लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फार थोडी बुडणारी. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी वारा नसतानाही चालणारे. अशीच नौका कोकणातल्या खाडीत आत नेता येते आणि चिखलावर बसविता येते. जी नौका आपल्या खाडीत छावणीस नेता येत नाही ती आपल्या राज्याला परवडत नाही, असा हा हिशेब आहे. वस्तू घेतानाच तिच्या देखभालीचा विचार करावा, हे शहाणपण येथे आरमाराच्या आकारात उतरले आहे.

प्रकरणाच्या भाषेकडेही येथे लक्ष दिले पाहिजे. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. ‘गुराब’ अरबी, मूळ अर्थ कावळा. ‘सुकाणू’, ‘खलाशी’ यांचीही मुळे अरबीत आहेत. ‘बंदर’, ‘दर्या’ फारसी. ‘नाखवा’ हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. ‘फरगात’ पोर्तुगीज. ‘नांगर’ या शब्दाची गंमत तर आमच्या वर्गात दर वर्षी होते. शेतकऱ्याच्या मुलाला नांगर म्हणजे जमीन उलटणारे औत. खलाशाचा नांगर मात्र फारसी लंगराचे मराठी रूप आहे. दोन वेगळ्या मुळांचे शब्द उच्चाराने एक झाले. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) असे किनाऱ्यावरचे पुष्कळ शब्द नोंदवून ठेवले म्हणून ते आज अर्थासह सापडतात. हा शब्दसंग्रह एक इतिहासच सांगतो. शिवकाळात कल्याण-भिवंडीच्या बाजूस नौका बांधण्यास प्रारंभ झाला तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांना त्याची चिंता वाटत होती, हे १६५९ च्या सुमाराच्या त्यांच्याच पत्रव्यवहारातून दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीस लिहिलेल्या बखरीत गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशा नौकाप्रकारांची यादी येते. दर्यावर्दी कोळी, भंडारी, मुसलमान खलाशी, फिरंगी सुतार अशा अनेकांच्या हातांनी ही विद्या मराठीत आली आणि शब्दांनी ती येण्याची वाट जपून ठेवली.

आता ज्या उताऱ्याने हे प्रकरण सर्वांना परिचित आहे त्याकडे वळू. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, हा तो उतारा. शालेय पुस्तके, वृक्षारोपणाची भाषणे, कार्यालयांतील फलक यांतून तो सतत भेटतो. बहुधा शिवाजी महाराजांचे स्वतंत्र पत्र म्हणून भेटतो. तो आहे आज्ञापत्रातला, आणि आहे आरमाराच्या प्रकरणातला. ही जागा महत्त्वाची आहे. त्याच्या आधीचे वाक्य झाडांविषयी नसून नौकेविषयी आहे. आरमाराला फळ्या लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात, असा विषय काढून अमात्य सांगतात की सागवानादी लाकूड अरण्यातून हुजुरांची लेखी परवानगी घेऊन तोडावे. त्यावाचून जे लागेल ते परमुलखातून विकत आणावे. त्यानंतर येतात आंबा आणि फणस. हीही झाडे आरमाराच्या कामाची आहेत, हे ते मान्य करतात. आणि तरीही त्यांस हात लावू देऊ नये म्हणतात. फार जीर्ण झालेले एखादे झाड असेल तर धन्यास राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. जबरदस्ती करू नये.

हा संदर्भ काढून टाकला की उतारा गोड होतो आणि त्यातला पेच नाहीसा होतो. पेच असा आहे की राज्याला ते लाकूड खरोखरच हवे होते. नवी गुराब बांधण्यास एकदाच लाकूड लागते; पण असलेली गुराब राखण्यास ते दर वर्षी लागते. प्रत्येक छावणीत काही फळ्या निघणार, काही वांक बदलणार, एखादी काठी मोडलेली असणार. आणि छावणी ज्या खाडीत पडलेली असेल तिच्या काठीच कुणाची तरी आंबराई असणार. अरण्यातला साग दूर, परवानगीचा कागद त्याहून दूर, आणि आंबा हाताशी. काम हंगामाच्या आत उरकण्याची घाई आहे. अशा वेळी आरमाराचा अंमलदार काय करील, हे कारभार केलेल्या अमात्यांना पक्के ठाऊक होते. आज्ञेने एखादी गोष्ट निषिद्ध केली म्हणजे ती घडत होती, हा इतिहासलेखनातला साधा नियम येथेही लागू पडतो. म्हणून या उताऱ्याकडे प्राचीन पर्यावरणप्रेमाचा दाखला म्हणून पाहण्यापेक्षा, राज्याची खरी गरज आणि रयतेचा खरा हक्क एकमेकांसमोर आले असता कारभाऱ्याने रयतेच्या बाजूने दिलेला निर्णय म्हणून पाहणे अधिक योग्य होईल. त्याची थोरवी त्याने कमी होत नाही. ज्याला लाकडाची गरजच नाही त्याने झाडे तोडू नका म्हणणे सोपे असते.

याच वाचनात ग्रंथाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. झाडाच्या धन्याची बाजू येथे मांडली गेली, पण सांध्यांत कापूस ठोसणाऱ्याची, राळ कढविणाऱ्याची, पहिल्या रात्री पाणी उपसणाऱ्याची बाजू मांडलेली नाही. सबंध प्रकरणात एकाही सुताराचे नाव नाही. सभासदाच्या बखरीत दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांची नावे येतात, कारण ते सरदार होते. नौका ज्यांनी तरंगत ठेवली त्यांची नावे बखरीत येत नाहीत. आपला नाविक इतिहास म्हणून लढायांच्या तारखांनी भरलेला आणि डागडुजीच्या नोंदींनी रिकामा राहिला आहे. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथाने (१९२८) आणि पुढे भा. कृ. आपटे यांच्या मराठा आरमारावरील ग्रंथाने (१९७३) हा विषय संस्थेच्या आणि व्यवस्थेच्या अंगाने मांडला. आपल्या ललित लेखनात आणि पाठ्यपुस्तकांत मात्र तो अजून तलवारीच्याच अंगाने येतो.

डागडुजीचा एक पाषाणातला पुरावा मात्र शिल्लक आहे. विजयदुर्गापासून वाघोटन खाडीत आत, गिर्ये गावाजवळ, आंग्र्यांच्या काळातील म्हणून ओळखली जाणारी गोदी आहे. तिची लांबी सुमारे ३५५ फूट आणि तोंडाशी रुंदी सुमारे २२७ फूट आहे. भरतीला नौका आत घ्यावयाची आणि ओहोटीला कोरड्यावर काम करावयाचे, अशी ही जागा. विजयदुर्गाचे तट पाहण्यास लोक जातात. गोदीपर्यंत जाणारे थोडे. तटाने आरमाराचे रक्षण केले असे म्हणावे तर इतिहास वेगळे सांगतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा आंग्र्यांचे आरमार किल्ल्याखाली एकमेकांस बांधून उभे होते. एका गुराबेवर गोळा पडून आग लागली आणि ती एका नौकेवरून दुसरीवर पसरत तासाभरात सारे आरमार खाक झाले. तो हंगाम छावणीचा नव्हता, आणि अमात्यांची आज्ञा त्या प्रसंगाला अक्षरशः लागू करता येणार नाही. पण सारी शक्ती एका ठिकाणी, एका दोरीने बांधून ठेवण्यातला धोका किती मोठा, हे त्या दिवशी दिसले. पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्यात राखलेल्या नौका एका दुपारी गेल्या, आणि त्या जाण्यात मराठ्यांच्या मध्यवर्ती सत्तेचाच हात होता. पुढे विजयदुर्गावर पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळपांच्या हाताखाली राहिले आणि १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांच्या जहाजांवर विजयही मिळविला. परंतु आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा पुन्हा निर्माण झाला नाही.

येथे एक तुलना अपरिहार्यपणे मनात येते. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ‘त्रिंकोमाली’ नावाची ब्रिटिश युद्धनौका पाण्यात उतरली. मलबारच्या सागाची ती नौका जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधली होती. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आमच्याच जिल्ह्यात आष्टीस बापू गोखले पडले आणि मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाई गेली आणि ‘त्रिंकोमाली’ राहिली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. सागाचे लाकूड ओकपेक्षा टिकाऊ आणि त्यातले तेल लोखंडी खिळ्यांना गंजू न देणारे, हे त्याचे एक कारण. पण दुसरे कारण लाकडात नसून माणसांत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक वर्षे खपून, फळी-फळी तपासून तिची दुरुस्ती करण्यात आली. आपल्याकडची एकही गुराब उरलेली नाही. तिचे रूप आपण चित्रांवरून आणि परकीयांच्या वर्णनांवरून कल्पितो. लाकूड दोघांचेही सह्याद्रीच्या रांगेतलेच होते.

नव्याने बांधून जुनी विद्या परत मिळविता येते काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. अलीकडे गोव्यात तसा एक प्रयत्न झाला. खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. बाबू शंकरन या केरळी कारागिराच्या हाताखाली ती शिवली गेली. तिचे नकाशे उपलब्ध नव्हते. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रावरून आकार घ्यावा लागला. शिवण्याची विद्या मात्र चित्रात नव्हती; ती त्या कारागिरांच्या हातांत टिकून राहिली होती, कारण लहान होड्यांवर का होईना ती चालू होती. चित्र आकार राखते, हात कृती राखतात, आणि दोघांमध्ये शब्द असतो. आज्ञापत्रासारख्या ग्रंथाचे मोल येथे आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या जिल्ह्यात या साऱ्याचा काय उपयोग, असा प्रश्न आम्हांला विचारला गेला आहे. आमचे विद्यार्थी नौकेला प्रथम भेटतात ते संतकाव्यात. भवसागर, नाव, नावाडी, पैलतीर ही रूपके त्यांना कानाला सरावलेली असतात. पंढरपूर हाकेच्या अंतरावर आहे. पण रूपकातल्या नावेला सांधे नसतात. ती गळत नाही, तिला कीड लागत नाही, पावसाळ्यात ती कुठे ठेवावी हा प्रश्न कोणास पडत नाही. अध्यात्माच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु मराठीतली नौका केवळ तीच, अशी समजूत झाली तर एक अख्खा अनुभवप्रांत आपल्या वाङ्मयीन दृष्टीआड होतो. चंद्रभागेत वारकऱ्यांना पैलतीरी नेणाऱ्या होड्याही कोणीतरी उपड्या करून, सांधे बुजवून, रंगवून ठेवतो.

आणि प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर करमाळा आणि इंदापूर तालुक्यांमध्ये पाण्याचा विस्तीर्ण पट्टा पसरला आणि पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या वाटेने जाणाऱ्या गावांना एकमेकांकडे जाण्यास होडी हाच जवळचा मार्ग उरला. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. मे महिन्याच्या उत्तरार्धात वारा कसा फिरतो, कोणत्या दिवसापासून नाव पाण्याबाहेर असावी, याचा विचार किनाऱ्यावरच्या समाजाने शतकानुशतके केला होता आणि अमात्यांनी तो राजाज्ञेत लिहून ठेवला होता. आमच्याकडे पाणी नवे होते. त्याचे नियम सांगणारी परंपरा नव्हती. आजही राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हंगाम बंद ठेवण्याची ती जुनी रीत आता कायद्याच्या रूपात आहे.

म्हणून आरमार-प्रकरण शिकविताना आम्ही अलीकडे आरंभीचा सिद्धान्त आणि शेवटचा झाडांचा उतारा यांच्या मधल्या मजकुरावर अधिक वेळ देतो. विद्यार्थ्यांना आपल्या गावातल्या एखाद्या राखल्या जाणाऱ्या वस्तूची, मग ती विहिरीची मोट असो, हातमाग असो वा उजनीकाठची होडी असो, देखभालीची शब्दावली जमवून आणण्यास सांगतो. ज्यांच्याकडून ते शब्द मिळाले त्यांची माहिती शब्दापुढे लिहावयाची, एवढी एक अट त्यात असते. बखरीत जी जागा रिकामी राहिली ती निदान वहीत तरी भरावी हा हेतू. गेल्या काही वर्षांत या वह्यांतून आलेले कित्येक शब्द आमच्या हाताशी असलेल्या कोशांत नाहीत, आणि ज्यांनी ते सांगितले त्यांतील काही माणसे आता हयात नाहीत.